बुंदीच्या पेशी काढून ठेवाव्यात का? (कुत्र्याचं क्लोनिंग, मत हवंय)

साताऱ्याची मनी:

"कुत्र्याला पंगतीला बसवलं की असंच होतं" हे सासूबाईंचं फोनवर सांगून झालेलं आहे, त्यामुळे ते वाक्य इथे कुणी पुन्हा टंकायची तसदी घेऊ नये. बाकी काहीही बोला, चालेल.

आम्ही टेक्सासमध्ये, ऑस्टिनच्या उत्तरेला राऊंड रॉकला राहतो. घरात नवरा, मी आणि बुंदी. मुलगी कॉलेजला गेल्यापासून सुट्टीतच उगवते. बुंदीला ऑस्टिनच्या शेल्टरमधून आणली. पांढऱ्या अंगावर पिवळट ठिपके, म्हणून बुंदी. जात विचारू नका. शेल्टरच्या कागदावर 'लॅब मिक्स' (लॅब्राडोर आणि आणखी काहीतरी) होतं, पण तिथे निम्म्या कुत्र्यांच्या कागदावर तेच असतं. वय तेराच्या आसपास. तिच्या प्लीहेवर गाठ निघालीय आणि येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे.

ऑपरेशन करायचं का हा प्रश्न नाही, ते ठरलंय. नवऱ्याचं म्हणणं असं, की तिला भूल दिलेलीच असेल तर त्याच वेळी पोटाजवळच्या कातडीचे हरभऱ्याच्या डाळीएवढे दोन-तीन तुकडे काढून घ्यावेत आणि पेशी गोठवून ठेवाव्यात. पुढे वाटलंच तर क्लोन करता येईल. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथल्या फुटबॉलवाल्या टॉम ब्रॅडीने जाहीर केलं ना, की त्याची आत्ताची कुत्री 'ज्यूनी' ही त्याच्या आधीच्या कुत्रीचा, लुआचा, क्लोन आहे, तेव्हापासून हे त्याच्या डोक्यात आहे. ब्रॅडीने तर म्हणे लुआ जिवंत असताना नुसतं रक्त काढून घेतलं होतं. त्यात हे काम करणारी व्हायाजेन नावाची कंपनी आमच्या शेजारच्या सीडर पार्कची. दवाखान्यात नमुन्याचा डबा पाठवतात, डॉक्टर तुकडे काढून परत पाठवतो, झालं. पेशी ठेवायला साधारण १,६०० डॉलर आणि वर त्यांचं वर्षाचं भाडं. प्रत्यक्ष क्लोन करायचा तर ५०,००० डॉलर.

पैसे आहेत का, तर जमवता येतील. स्वयंपाकघर नवीन करायचं होतं ते राहील. आत्ताच्या ओट्याला काही झालेलं नाही.

बुंदीचा स्वभाव थोडा सांगते, म्हणजे कळेल आम्ही कशात अडकलोय. कुकर लावला की ही हॉलमध्ये झोपलेली असते. पहिली शिट्टी, दुसरी शिट्टी, ढिम्म. तिसरी झाली की उठून गॅसपाशी येते आणि माझ्याकडे बघते. बंद कर म्हणून. मी फोनवर असले तर पायाला नाक लावते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. आणि टोपी घातलेला पुरुष दिसला की सोफ्यामागे जाते. कुरिअरवाला, गवत कापणारा, एकदा तर गांधी टोपी घालून आलेला माझा सख्खा मामा. आमच्याकडे येण्याआधी तिच्या बाबतीत काहीतरी झालं असणार. काय ते आम्हाला कधीच कळलं नाही.

आता मुद्दा. 'देवाच्या कामात ढवळाढवळ' हे मला पटत नाही. आमच्याच नात्यात टेस्ट ट्यूबमधून झालेली दोन पोरं आहेत आणि दोन्ही व्यवस्थित उनाड आहेत. मला विचारायचंय ते एवढंच, की यात आमच्याशिवाय आणखी कुणाला किंमत मोजावी लागते का? आणि क्लोन न करता नुसत्या पेशी ठेवल्या तर त्यात वाईट काय? नवरा म्हणतो काहीच नाही. मला नीट उत्तर देता आलं नाही, पण 'हो' म्हणायला जीभही उचलेना.

---

गुरांचा डॉक्टर:

मनीताई, आधी गाठीचं. प्लीहेवरची गाठ म्हटलं की सगळे हेमँजिओसार्कोमाच, म्हणजे रक्तवाहिन्यांचा कॅन्सरच, धरून चालतात. तसं नसतं, कित्येक साध्याही निघतात. तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत मनाने पुढे धावू नका.

आता क्लोनिंग. मी कोल्हापूर जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात नोकरी केली. माझा हात म्हशींवर जास्त बसलेला, कुत्र्यांवर कमी. पण या विषयावर वाचतो, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो, मोजावी लागते' असं आहे.

आपल्याकडे कर्नालच्या एनडीआरआयमध्ये (राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत) म्हशीचं क्लोनिंग झालं. ६ फेब्रुवारी २००९ ला पहिलं रेडकू जन्मलं, ते काही दिवसांतच गेलं. मग जून २००९ मध्ये गरिमा, तीही दोनेक वर्षंच जगली. ऑगस्ट २०१० ची गरिमा-२ मात्र मोठी झाली, व्यायली, तिला महिमा नावाची रेडी झाली. या कामाला स्त्रीबीजं लागतात. ती मिळवली कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतून. म्हणजे जे जनावर तसंही गेलेलं आहे त्याच्याकडून. बीजं कच्ची असली तरी म्हशीची बीजं प्रयोगशाळेत पिकवता येतात, म्हणून हे जमतं.

कुत्रीची गोष्ट वेगळी. बहुतेक सस्तन जनावरांत बीज अंडाशयातून सुटतं तेव्हा तयार झालेलं असतं. कुत्रीचं कच्चंच सुटतं आणि पुढे बीजवाहिनीत दोन-तीन दिवस पिकतं. बाहेर बशीत ते पिकवायचे प्रयत्न खूप झाले, पण भरवशाचं यश नाही. त्यामुळे जिवंत कुत्री लागते, ती माजावर आलेली लागते, रक्त तपासून तपासून नेमका दिवस गाठावा लागतो आणि मग भूल देऊन, पोट उघडून, बीजवाहिन्या धुऊन बीजं काढावी लागतात. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. गिऱ्हाईक येईल तेव्हा माजावरची कुत्री हजर पाहिजे असेल तर किती कुत्र्या पाळाव्या लागतील, किंवा कुठून तरी आणाव्या लागतील, याचा हिशेब तुम्हीच करा.

पुढे त्या बीजातलं केंद्रक सुईने काढून टाकतात, तुमच्या बुंदीची पेशी आत सोडतात, विजेचा सूक्ष्म झटका देऊन दोन्ही एकजीव करतात. हा गर्भ मग दुसऱ्या कुत्रीच्या बीजवाहिनीत ठेवायचा. म्हणजे आणखी एक पोट उघडलं. ती गाभण राहिली तर दोन महिने, आणि शेवटी बऱ्याचदा सिझर. राहिली नाही तर पुढची कुत्री.

जगातला पहिला क्लोन केलेला कुत्रा स्नपी, एप्रिल २००५, सोल राष्ट्रीय विद्यापीठ, दक्षिण कोरिया. १,०९५ गर्भ, १२३ कुत्र्यांमध्ये ठेवले. त्यातल्या तीन गाभण राहिल्या. एकीचा गर्भपात झाला, एक पिल्लू तीन आठवड्यांनी न्यूमोनियाने गेलं, आणि एक स्नपी. आज प्रमाण यापेक्षा पुष्कळ सुधारलंय, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण सुधारलं ते प्रमाण. ऑपरेशनं तीच आहेत.

जाता जाता तुमच्या कामाची एक गोष्ट. स्नपी ज्याच्या कानाच्या पेशीपासून केला तो अफगाण हाउंड हेमँजिओसार्कोमा होऊन गेला. त्याचं नाव ताई होतं. रागावू नका, कुत्रा होता. स्नपीलाही पुढे कॅन्सरच झाला, दुसऱ्या प्रकारचा, आणि तो दहाव्या वर्षी गेला. दोन कुत्र्यांवरून नियम काढता येत नाही, पण पेशीबरोबर आजाराचा कलही येऊ शकतो, एवढं लक्षात असू द्या.

---

टवाळ:

५०,००० डॉलर म्हणजे आमच्याकडचे चाळीस-पंचेचाळीस लाख. मनीताई, एवढ्या पैशांत आमच्या तालुक्यातल्या सगळ्या भटक्या कुत्र्यांची नसबंदी होऊन वर रेबीजची लस टोचून होईल. शेल्टरमध्ये कुत्री जागा नाही म्हणून मारतात आणि तुम्ही मेलेली परत आणता. मला तर हे श्रीमंतांचं श्राद्ध वाटतं. ते तरी एका दिवसात उरकतं.

---

साताऱ्याची मनी:

@टवाळ, माझी कुत्री अजून मेलेली नाही. ती आत्ता टेबलाखाली माझ्या चपलेवर झोपलीय.

पैशाचा मुद्दा मी ऐकून घेते, पण अर्धाच. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत एकाने याच्याहून महाग ट्रक घेतला. तो त्यातून किराणा आणतो. त्याला तालुक्यातली नसबंदी कुणी ऐकवली नाही. कुत्र्यावर खर्च केला की लगेच जगातली सगळी दुःखं दाराशी येऊन उभी राहतात. मी तेवढे पैसे नसबंदीला देणार असते आणि क्लोनमुळे देत नसते, तर तुमचं बरोबर होतं. मी ओट्याला देणार होते.

@गुरांचा डॉक्टर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. "कुत्रीचं बीज कच्चं सुटतं" हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तो म्हणाला, जाहिरातीत तर फक्त पिल्लू आणि मालकीण असते.

---

गुणसूत्री:

मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. डॉक्टरांनी नैतिक बाजू मांडलीच आहे. मी फक्त एवढं सांगतो, की ५०,००० डॉलर देऊन हातात नक्की काय पडतं. यातल्या दोन गोष्टी तर तुमच्या टेक्सासमधल्याच आहेत, मनीताई. टेक्सास ए अँड एम विद्यापीठ, कॉलेज स्टेशन. ऑस्टिनहून लांब नाही.

पहिली गोष्ट सीसीची. जगातली पहिली क्लोन केलेली मांजर, जन्म २२ डिसेंबर २००१. जिच्यापासून केली ती रेनबो तिरंगी होती: काळी, पांढरी, नारिंगी. सीसी झाली पांढरी आणि करड्या पट्ट्यांची. नारिंगी रंगाचा ठिपकासुद्धा नाही! जनुकं तीच, मग रंग कुठे गेला? मांजरात नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीत दोन एक्स असतात आणि गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी त्यातला एक बंद करून टाकते. कुठल्या पेशीत कुठला बंद होणार, हा निव्वळ योगायोग. तिरंगी मांजरीचे ठिगळासारखे पट्टे त्यातूनच येतात. सीसी ज्या पेशीपासून झाली तिच्यात नारिंगीवाला एक्स बंद होता आणि तो बंदच राहिला. मुलांना एक्सचं निष्क्रिय होणं शिकवताना मी पुस्तक बाजूला ठेवतो आणि या दोन मांजरींचे फोटो दाखवतो. (सीसी पुढे अठरा वर्षं जगली, तिला पिल्लंही झाली. क्लोन लवकर मरतात हे सरसकट खरं नाही.)

कुत्र्यांचे ठिपके वेगळ्या कारणाने पडतात, पण तिथेही रंगद्रव्याच्या पेशी गर्भात सरकत सरकत कातडीभर पसरतात आणि कुठवर पोचतात हे दर वेळी तंतोतंत सारखं नसतं. तेव्हा दुसऱ्या बुंदीच्या अंगावर बुंदी पडेल, पण त्याच जागी पडेलच असं नाही.

दुसरी गोष्ट चान्स नावाच्या वळूची. एका टेक्सासच्या शेतकऱ्याकडे होता. जत्रेत, फोटोला, कुणाच्याही पोराला पाठीवर बसवावं इतका गरीब. तो म्हातारा झाल्यावर विद्यापीठाने १९९९ मध्ये त्याचा क्लोन केला. नाव सेकंड चान्स. दिसायला तोच. उन्हाला झोपायची जागासुद्धा म्हणे तीच निवडायचा. मालकाची खात्रीच पटली, की आपला चान्स परत आला. आणि त्या वळूने मालकाला दोनदा शिंगावर घेतलं. दुसऱ्या वेळी तर चांगलंच जखमी केलं. तरी मालक त्याचीच बाजू घेत राहिला.

मला या गोष्टीत वळूपेक्षा मालक जास्त अडचणीचा वाटतो. वळू बिचारा वळू होता. पण समोरचं जनावर नवीन आहे, त्याची परीक्षा नव्याने करायला हवी, हे मालकाच्या ध्यानातच येईना.

---

मृदुला के:

मनी, मी थोडं उलट बोलणार आहे. चालेल ना?

डॉक्टरांनी सांगितलेल्या ऑपरेशनांनी माझ्याही पोटात कालवलं. पण आपण सगळे सोवळे असल्यासारखं का बोलतोय? पुण्यात माझ्या बहिणीने पग घेतला. तो श्वास घेतो ते दोन खोल्या पलीकडे ऐकू येतं. नाक चपटं राहावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तसंच जुळवत आणलंय त्याला. ज्या कुत्रीने त्याला जन्म दिला ती कुठल्या शेडमध्ये, कितव्या वेळेला व्याली, हे कुणी विचारलं? हजारो घरांत अशी पिल्लं आलेली आहेत आणि तिथे नीतीचा प्रश्न कुणाला पडत नाही. क्लोन म्हटलं की मात्र सगळे चष्मा पुसून बसतात.

आणि स्वभाव अजिबात येत नाही, असंही नाही. दक्षिण कोरियाच्या कस्टम्सने त्यांच्या एका हुकमी हुंगणाऱ्या लॅब्राडोरपासून २००७ मध्ये सात पिल्लं क्लोन केली. सगळ्यांचं नाव एकच, टॉपी. त्यातली बहुतेक प्रशिक्षणात पास होऊन कामाला लागली, आणि अशा प्रशिक्षणात साधी पिल्लं पुष्कळ गळतात. काहीतरी तर उतरतंच ना?

आता माझं स्वतःचं. माझ्या बोक्याच्या पेशी टाकीत आहेत. तो गेला त्या रात्री मला काही सुचत नव्हतं. कुठेतरी वाचलं, की अंग फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही, बर्फ झाला की पेशी मरतात. मी भाजीचा कप्पा रिकामा केला. सकाळी नमुना गेला. त्याला आता काही वर्षं झाली. मी क्लोन करणार नाही, हे मला माहीत आहे. नवीन मांजर आणलंय, ते मला आवडतं. पण दर वर्षी त्या साठवणुकीचं बिल येतं आणि मी भरते. न भरलं तर काय होईल, तर कुणीतरी नळी काढून टाकून देईल. तेवढं माझ्याने होत नाही. म्हणजे तो एकदा गेला, आणि दर वर्षी त्याला पुन्हा घालवायचं का हे मलाच ठरवायला सांगतात.

तुझा दुसरा प्रश्न होता ना, नुसत्या पेशी ठेवण्यात वाईट काय. वाईट असं नाही. पण 'नुसत्या' त्या राहत नाहीत.

---

गुरांचा डॉक्टर:

मृदुलाताई, पगचं तुमचं शंभर टक्के बरोबर. चपट्या नाकाची कुत्री उन्हाळ्यात दवाखान्यात आणतात तेव्हा मालकाला काय बोलावं सुचत नाही. पण शेजारच्या शेडमध्ये वाईट चाललंय म्हणून आपल्या शेडमधलं झाकता येत नाही. शिवाय फरक आहे. आंधळेपणाने पिल्लू घेणाऱ्याला सांगता येतं, की शेल्टरमधून आण, ओळखीच्या घरच्या कुत्रीचं घे, तुझी गरज भागेल. क्लोन मागणाऱ्याची गरज दुसऱ्या कुठल्याच कुत्र्याने भागत नाही. त्याला ऑपरेशनाशिवाय वाटच नाही.

कोरियन कुत्र्यांचं म्हणाल तर तिथल्याच मेईची गोष्ट ऐका. मेई हा क्लोन केलेला बीगल. विमानतळावर सामान हुंगायची नोकरी इमानाने केली. निवृत्त झाल्यावर २०१८ मध्ये प्रयोगांसाठी विद्यापीठात गेला आणि २०१९ मध्ये मेला. हाडांचा सापळा झालेले त्याचे फोटो टीव्हीवर आले तेव्हा तिथे मोठा गदारोळ झाला. सरकारी नोकरीतल्या कुत्र्याची ही गत, तर ज्यांची नावंच ठेवली जात नाहीत त्या बीज देणाऱ्या आणि पोट देणाऱ्या कुत्र्यांची चौकशी कोण करणार?

मनीताई, मी तुम्हाला करा किंवा करू नका असं सांगत नाही. पण कुठल्याही कंपनीला फोन कराल तर विचारा: आमच्या एका पिल्लासाठी किती कुत्र्यांची बीजं काढणार, किती जणींत गर्भ ठेवणार, एकीवर किती वेळा ऑपरेशन करून मग तिला मोकळी करता, मोकळी केल्यावर ती कुठे जाते. आणि एकाऐवजी तीन पिल्लं जन्मली तर उरलेल्या दोघांचं काय? आकडे मागा. "आम्ही सगळ्यांची प्रेमाने काळजी घेतो" हे उत्तर धरू नका. तसं तर मीही सांगेन.

---

टवाळ:

मनीताई, चपलेवर झोपलेल्या कुत्रीची माफी मागतो. माझं वाक्य जरा जास्तच झालं.

पण एक प्रामाणिक शंका. समजा सगळं सुरळीत झालं, एकाही कुत्रीला त्रास झाला नाही, पैसे आभाळातून पडले. तरी त्या नव्या पिल्लाला तुम्ही काय म्हणून हाक मारणार?

---

साताऱ्याची मनी:

@टवाळ, नवऱ्याला हेच विचारलं. तो म्हणाला, बुंदीच. मग थोड्या वेळाने म्हणाला, नाही, बहुतेक नाही. मग टीव्ही लावला.

सगळ्यांचे प्रतिसाद दोघांनी वाचले. मुलीलाही पाठवले. सर्जनच्या ऑफिसला कळवलंय, की नमुना घ्यायचा नाही.

कारण सांगते, कारण इतक्या जणांनी वेळ काढून लिहिलंय. डॉक्टरांनी दिलेले प्रश्न मी कुणालाच विचारले नाहीत. विचारण्याआधीच कळलं, की मला त्यांची कुठलीच उत्तरं पुरणार नाहीत. समजा म्हणाले, फक्त चार कुत्र्या. बुंदीला शेल्टरमधून आणली तेव्हा तिच्या पोटावर जुन्या टाक्यांची खूण होती, तीवरून मी त्या बाईला दहा प्रश्न विचारले होते: कुठलं ऑपरेशन, कुणी केलं, दुखलं असेल का. नसबंदीचंच निघालं. पण ज्या कुत्रीच्या टाक्यांची मी इतकी चौकशी केली तिच्या नावाखाली दुसऱ्या चार जणींना टाके घालायला पैसे देणं मला जमणार नाही. एकच कुत्री म्हणाले असते तरी नाही. ती एक बुंदीसारखीच कुणाची तरी असती, किंवा कुणाचीच नसती, आणि ते तर आणखी वाईट.

नवऱ्याला हे अर्धंच पटलंय. त्याचं म्हणणं, आपण नाही केलं म्हणून त्या कुत्र्या सुटत नाहीत, दुसरं गिऱ्हाईक येईलच. बरोबर आहे. मग ते दुसरं गिऱ्हाईक. आमच्यात अजून यावर बोलणं चालू आहे, पण डबा मागवलेला नाही.

मुलीने मात्र एक विचारलं त्याचं मला उत्तर सापडत नाहीये. ती म्हणाली, आई, नवीन बुंदी टोप्यांना घाबरली नसती. जन्मापासून आपल्याकडे, कुणी हात उगारलेला नाही. म्हणजे बुंदीला जे आयुष्य मिळायला हवं होतं ते तिला मिळालं असतं. तर मग ते चांगलं नाही का?

मी म्हटलं, पण ते बुंदीला मिळालं नसतं. ती म्हणाली, हो, पण कुणाला तरी मिळालं असतं. मग मी म्हटलं, त्यासाठी बुंदीच कशाला हवी, शेल्टरमध्ये कुणीही चालेल की. यावर ती म्हणाली, तू वादात जिंकतेस म्हणून तुझं बरोबर असतं असं नाही. एकोणीस वर्षांची आहे. गुणसूत्री सर, तुमच्या वर्गात अशी असतील तर तुमचं काही खरं नाही.

@मृदुला, भाजीच्या कप्प्याचं वाचलं आणि फोन खाली ठेवला. तुझं बिल कधी येतं ते मला सांग. त्या दिवशी फोन करते. भर म्हणणार नाही आणि भरू नको असंही म्हणणार नाही.

आता खरोखरीच्या कामाचं. डॉक्टर, प्लीहा काढल्यावर पहिले काही दिवस खायला काय द्यायचं? इथल्या सर्जनने हलका आहार एवढंच लिहून दिलंय. मी आपला मऊ भात आणि उकडलेलं चिकन धरून चाललेय.

---

मृदुला के:

मार्चमध्ये येतं. कर फोन.

---

गुरांचा डॉक्टर:

मऊ भात आणि बिनहाडाचं उकडलेलं चिकन, चालेल. मीठ, मसाला नाही, आणि कांदा-लसूण तर त्या पातेल्याच्या आसपाससुद्धा नको, कुत्र्याच्या रक्तपेशी फुटतात त्याने. रक्त आधीच गेलेलं असतं. एकदम ताटभर न देता दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस हृदयाचे ठोके मध्येच चुकतात, प्लीहा काढलेल्या कुत्र्यांत हे बरंच दिसतं, म्हणून एखादी रात्र तिथेच ठेवा म्हणाले तर घरी न्यायची घाई करू नका. हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या किंवा पोट फुगलं तर तडक इमर्जन्सीला न्या, इथे विचारत बसू नका.

रिपोर्ट आला की इथे टाका. फोटो सरळ काढा, मागच्या वेळी एकाने उलटा टाकला होता.